हबेस, आर्या आणि येडशीजवळची विहीर

फिरायला जायचं म्हणजे समुद्रावर जायचं, असं कोणी ठरवून ठेवलंय कोण जाणे. आमच्या जयगडच्या खाडीवर हल्ली शनिवार-रविवार गाड्यांची रांग लागते. माणसं वाळूत उभी राहून फोटो काढतात, मासे महाग म्हणून कुरकुरतात आणि अंधार पडायच्या आत निघून जातात. मी नेमकं उलट केलं. मी समुद्राकडून निघाले आणि जिथल्या बायांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता, तिथं जाऊन पोचले. तेही निजामाच्या राज्यात, सोळा-सतरा वर्षांची असताना.

नात म्हणते, "आजी, ब्लॉगवर लोकांना जाता येतील अशा जागा लिहायच्या. हे ऐंशी वर्षांपूर्वीचं कोण वाचणार?" न वाचायला काय झालं? येडशी आहे तिथंच आहे. रामलिंगाचं देऊळ आहे, रान आहे, आगगाडी आहे. सोलापूरहून सकाळी निघालात तर तुळजापुरात देवीचं दर्शन घेऊन दुपारच्या भाकरीला आरामात येडशी गाठता येते. फक्त तुम्हाला करोडगिरीचा नाका लागणार नाही आणि खिशातले पैसे बदलून घ्यावे लागणार नाहीत. एवढाच फरक. तेव्हा नातीला टाइप करू दे, तुम्ही वाचा.

दुसरी लढाई संपली होती आणि निजाम अजून गादीवर होता, तेव्हाची गोष्ट. बाबा फत्तेमारीवर, म्हणजे शिडाच्या मालवाहू गलबतावर, तांडेल होते. तांडेल म्हणजे ज्याच्या शब्दावर जहाज चालतं तो माणूस. त्या उन्हाळ्यात फत्तेमारी दुरुस्तीसाठी खाडीत वर ओढून ठेवली होती आणि सगळे हात रिकामे होते. अशात येडशीजवळच्या एका गावाहून शिवलिंगप्पा शेटजींचा माणूस आमच्या दारात आला. शेटजींची तूर मुंबईहून बाबांच्या फत्तेमारीतून कोकणात उतरायची, ती ओळख. शेटजींनी विलायती तेलाचं इंजिन विकत घेतलं होतं, उसाला पाणी द्यायला. ते विहिरीत उतरवताना दोर तुटला आणि इंजिन थेट तळाला गेलं. मुंबईच्या धक्क्यावर हेच इंजिन खलाशांनी जहाजातून अलगद उतरवलेलं शेटजींनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून त्यांना आमची आठवण झाली.

बाबांनी दोन माणसं घेतली. एक दाऊदचाचा, बाबांपेक्षा वयानं मोठे, दोराच्या गाठी डोळे मिटून मारणारे. दुसरा रामा, पाण्यात बुडी मारून दम धरण्यात त्याचा हात कोणी धरत नसे. आणि मी गेले ती स्वयंपाकाला. आई नव्हती, मला घरी एकटीला ठेवायचं कसं हाही प्रश्न होता. पण खरं कारण असं की तिघांनाही माझ्या हातची आमटी लागायची. फिरायला मिळतंय म्हटल्यावर मी कारण विचारत बसले नाही.

रत्नागिरीहून सर्व्हिस मोटारीनं आंबा घाट चढून कोल्हापूर. लढाईच्या दिवसांपासून मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या, त्यामुळं चढावर उतारूंनी उतरून चालायचं आणि वर जाऊन मोटारीची वाट बघायची. आमचा दोर टपावर होता. काथ्याचा, हाताच्या मनगटाएवढा जाड, वेटोळं करून बांधलेला. त्याचा खारट वास मोटारभर सुटला होता आणि शेजारची बाई नाकाला पदर लावून बसली होती. तिला मी मुद्दाम सुकटीची पुडी सोडून दाखवली. पुढं कोल्हापूरहून मिरज आणि मिरजेहून ती छोटी गाडी, जी कुर्डुवाडी आणि बार्शी करत मोगलाईत शिरायची. आम्ही इंग्रजी मुलखातले लोक निजामाच्या राज्याला मोगलाईच म्हणायचो. बार्शीला आमचे इंग्रजी कलदार रुपये देऊन हाली सिक्का, म्हणजे निजामाचं नाणं, घेतला. पुढं कलदार चालतो, पण दुकानदार मनाला येईल तो भाव लावतो, असं डब्यातल्या सगळ्यांनी बजावलं.

येडशीला उतरलो तर पाट्यांवर उर्दू, फलाटावर धूळ आणि समोर करोडगिरीचा कारकून. करोडगिरी म्हणजे निजामाची जकात. त्यानं आमच्या सामानाभोवती एक फेरी मारली आणि दोराला बोट लावून बघितलं.

"इत्ता रस्सा कायको लाये? किसकू फांसी देना है क्या?"

बाबांना ते उर्दू अर्धंच कळलं. दाऊदचाचा म्हणाले, "इंजिनला."

कारकून हसला नाही. दोर हा माल आहे, मालावर जकात आहे, असं त्याचं म्हणणं. बाबांचं म्हणणं, दोर हे अवजार आहे, न्हाव्याच्या वस्तऱ्यावर जकात घेता का? हे बराच वेळ चाललं. शेवटी मी मध्ये तोंड घातलं, "साहेब, परत जाताना मोजून बघा. एक वीत कमी झाला तर तेवढ्याची जकात घ्या." कारकुनानं माझ्याकडं बघितलं, मग बाबांकडं बघितलं आणि बाबांना विचारलं, ही पोरगी मध्ये का बोलते? पण सोडलं. बाबा बैलगाडीत बसल्यावर मलाच रागावले. त्यांना मी मध्ये बोललेलं कधीच आवडायचं नाही.

गाव येडशीपासून बैलगाडीनं अर्ध्या सकाळच्या वाटेवर. दोन्ही बाजूंना काळी जमीन भेगाळलेली, एका हाताला रामलिंगाचा डोंगर आणि वाळलेलं रान. शेटजींनी ओसरीवर जागा दिली. ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, वर घट्ट दही. जाणाऱ्यांनी ही चटणी खाल्ल्याशिवाय परतू नये. मासे विसरायचे, शेटजी लिंगायत, त्यांच्या अंगणात सुकटीचं नावही काढायची सोय नव्हती. माणूस वागायला चांगला होता, हे आधीच सांगते, कारण पुढं मी त्यांच्याविरुद्ध गेले.

आधी विहीर बघायला गेलो. चिरेबंदी, रुंद तोंडाची, खोल. एका अंगाला मोटेची धाव, म्हणजे बैल मोट ओढताना ज्या उतारावरून चालत जातात ती वाट. दुसऱ्या अंगाला रहाट, जिथं बायका घागरी भरतात. आत, पाण्याच्या बरंच वर, इंजिन बसवायला शेटजींनी नवा दगडी ओटा बांधून घेतला होता. आणि पाण्यावर तेलाचा तवंग. निळा-जांभळा, बघायला सुंदर, प्यायला विष. अख्ख्या गावाचं पिण्याचं पाणी तेच होतं.

मी पाणी मागायला रहाटाजवळ गेले तेव्हा गौराव्वा भेटली. शेटजींच्याच भावकीतली विधवा बाई, उंच, मोठ्या हातांची, रहाटावर पाणी शेंदण्यात जिचं आयुष्य गेलेलं.

"हितं काय मागतीस? चल माझ्यासंगं," ती म्हणाली आणि एक घागर माझ्या डोक्यावर ठेवली. आम्ही डोंगराच्या अंगाला एका झऱ्यापर्यंत चालत गेलो. वाटेत बायांची रांग होती, पुढं आणि मागं. उन्हात पाय भाजत होते. मी खाडीवरची, वाळूत अनवाणी चालणारी, तरी माझ्या नाकी नऊ आले.

"इंजिन पडल्यापासनं असंच हाय," गौराव्वा म्हणाली. "आन तुझा बाप ते काढून पुन्ना त्या ओट्यावर बशिवनार. मग पानी उसाला जाईल. तवा बी आमी हितंच येनार. मग काढलं काय आन न्हाय काढलं काय, आमाला सारखंच."

मला हे कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही गावाचं पाणी सोडवायला आलोय अशीच माझी समजूत होती.

दुसऱ्या दिवशी विहिरीच्या तोंडावर तीन जाड लाकडांची तिकटी उभी राहिली, तिच्या शेंड्याला कप्पी, कप्पीतून आमचा दोर. रामानं बुड्या मारून इंजिनाला फास आवळले. दाऊदचाचांनी दोराचं शेपूट एका कडुनिंबाच्या बुंध्याला वेढे देऊन धरलं, म्हणजे जेवढा दोर वर येईल तेवढा तिथं अडकून राहील. ओढायला गावचे गडी आले, सगळे मोट हाकणारे. दंड बघून बाबा खूश झाले.

आता शब्दांचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. जहाजावर ओढायचं झालं की तांडेल म्हणतो, हबेस. सगळे हात एकदम ओढतात. सैल सोडत खाली घ्यायचं तर म्हणतो, आर्या. थांबायचं तर बास. "ओढा" आणि "सोडा" असं का म्हणत नाहीत? कारण जहाजावर एक कच्छी, एक मलबारी, दोन कोकणी, एखादा सिद्दी, आणि प्रत्येकाच्या घरी ओढायला वेगळा शब्द. वादळात कोणाचा शब्द कोणाला कळायचा? म्हणून कोणाच्याच घरचा नाही असा शब्द. आर्या हा फिरंग्यांचा, गोव्याच्या पोर्तुगीजांचा; त्यांच्या भाषेत खाली सोडण्याला तसंच काहीसं म्हणतात. जहाजावरच्या सगळ्या दोरांना मिळून आमचे म्हातारे आलात म्हणायचे, तो अरबांकडून आलेला. हबेसचं कूळ मला नक्की सांगता येत नाही. मी पुष्कळांना विचारलं, प्रत्येकानं वेगळं सांगितलं आणि प्रत्येकानं छातीठोकपणे सांगितलं. असो. हे शब्द आजही जिवंत आहेत. शहरात क्रेनवरची माणसं वर घ्यायला "हापिस" आणि खाली घ्यायला "आर्या" म्हणतात. खलाशी धक्क्यावरून कारखान्यांत गेले, त्यांच्याबरोबर शब्द गेले. ज्या शब्दांना गलबतं उरली नाहीत त्यांना उंच इमारती मिळाल्या.

बाबांनी गड्यांना शब्द समजावून दिले आणि काठावर उभं राहून हाक दिली, "हबेस!"

गड्यांनी काय केलं असेल? दोर खांद्यावर घेतला, विहिरीकडं पाठ केली आणि धावेच्या उतारावरून चालू लागले. बैलांसारखे. पिढ्यान्‌पिढ्या दोर ओढणं म्हणजे विहिरीपासून लांब जाणं, एवढंच त्यांच्या अंगात मुरलेलं. इंजिन हिसका खाऊन पाण्याबाहेर आलं आणि गरगर फिरायला लागलं. बाबा ओरडले, "बास! बास!" तर सगळे गडी मटकन दोरावर बसले. मोट भरून वर येताना मोटकरी नाड्यावर, म्हणजे मोटेच्या दोरावर, बसतो ना, तसे. आमच्यात ताणलेल्या दोरावर कोणी पायसुद्धा देत नाही, इथं वीस माणसं त्यावर बसलेली! दोर एका अंगाला दबला, तिकटी कलली, इंजिन भिंतीवर आपटलं. बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. "आर्या! आर्या!" म्हटल्यावर गडी पाठ तशीच ठेवून मागं मागं यायला लागले, एकाचा पाय अडखळला, दुसरा त्याच्यावर पडला. आर्या ऐकून दाऊदचाचांनी बुंध्यावरचे वेढे सैल केलेलेच होते; दोर हातातून सुटला आणि इंजिन पुन्हा पाण्यात.

कोणी मेलं नाही, एवढंच बरं झालं. बाबा त्यांना काय काय बोलले ते नात टाइप करणार नाही. मला मात्र त्या गड्यांची चूक वाटली नाही आणि आजही वाटत नाही. ज्यानं आयुष्यभर एका रीतीनं दोर ओढलाय तो एका सकाळीत दुसऱ्या रीतीनं ओढेल कसा?

गडबड ऐकून ठाण्याचा जवान आला. ते दिवस तंग होते. हैदराबादेत काय होणार, निजाम राहणार की जाणार, याची कुजबुज गावोगाव होती आणि पुरुषांचा जमाव दिसला की ठाण्याला ताप चढायचा. जवानानं सांगितलं, इतकी माणसं एका जागी जमवायला मनाई आहे, वरचा हुकूम आहे, घरी जा. शेटजींनी हातापाया पडून बघितलं. जवान म्हणाला, मी काय करू, माझी नोकरी जाईल. गडी पांगले. बाबा विहिरीच्या काठावर डोकं धरून बसले.

तेव्हा मी रहाटाकडं बघत होते. तेलकट पाणी जनावरांच्या गोठ्यासाठी तरी चालेल म्हणून दोघी-तिघी शेंदत होत्या. तोंड विहिरीकडं, एक पाय दगडाला टेकवलेला, उजव्या हातावर डावा, डाव्यावर उजवा, दोर हातातून हातात आणि थांबायचं तर मुठी घट्ट. मी उडालेच. खलाशी अगदी असाच ओढतात. यांना शिकवायला काहीच नको होतं.

"बाबा," मी म्हटलं, "बायका ओढतील."

बाबांनी मान वर केली नाही. "बायका? दोराला? येडी झालंस?"

"पुरुषांना मनाई आहे. बायका तर विहिरीवर रोजच जमतात."

"जहाजाच्या दोराला बाई माणूस हात लावत नाय."

"हे जहाज आहे का?"

दाऊदचाचा कडुनिंबाखाली बिडी ओढत बसले होते. ते म्हणाले, "तांडेल, इंजिन वर काढायचा हाय का रीत पाळायची हाय, एक काय ता ठरवा."

गौराव्वाला मी विचारलं तेव्हा तिनं लगेच हो म्हटलं नाही. कंबरेवर हात ठेवून मला निरखत राहिली. "आमी वडू. पर ते त्या ओट्यावर बसायचं आसंल तर आमी कशापायी वडू?" माझ्या हातात काय होतं? पण ती दुसऱ्या दिवशी आली आणि तिच्यामागं गावातल्या बायका आल्या. लिंगायत, मराठा, मुसलमान मोहल्ल्यातल्या जैनबी आणि तिच्या जावा. दोर लांब होता, हात कमी पडत होते. तेव्हा गौराव्वानं गावकुसाबाहेरच्या बायकांनाही बोलावलं. त्या बिचकत आल्या आणि दोराचं शेवटचं टोक धरून, विहिरीपासून सगळ्यात लांब उभ्या राहिल्या.

"हबेस म्हंजी काय गं?" गौराव्वानं विचारलं.

"ओढा."

"मग वडा म्हन की सरळ."

मी जहाजाचं सांगितलं. कच्छी, मलबारी, सगळं. ती हसली. "आमच्यात बी निम्म्या सुना उमरग्याकडच्या, घरात कानडी बोलत्यात. जैनबीचं आनिक निराळं. बरं हाय, हबेस तर हबेस." आणि सगळ्याजणींनी तो शब्द दोन-तीनदा म्हणून बघितला. जैनबी म्हणाली, "मुँह में बैठ गया बाई."

या खेपेला बाबा स्वतः आत उतरले, ओट्यावर. इंजिन पुन्हा भिंतीवर आपटू नये म्हणून बांबूनं सांभाळायचं आणि समोर आलं की आत घ्यायचं. रामा पाण्यात. पण विहिरीच्या आतला आवाज घुमतो, वर दोराच्या टोकापर्यंत पोचत नाही. काठावर उभं राहून दोन्हीकडं बघणारं कोणीतरी हवं होतं. दाऊदचाचांना बुंधा सोडता येत नव्हता. राहिले मी.

"बाय, तू फकस्त माझा शब्द वर पोचव," बाबांनी बजावलं. "आपल्या मनाचा एक अक्षर बोलायचा नाय."

"बरं," मी म्हटलं. आणि म्हटलं तेव्हा मनापासूनच म्हटलं होतं.

एवढ्यात तो जवान पुन्हा आला. बायकांची रांग, हातात दोर, विहिरीवर तिकटी. "ये क्या चल रहा है?"

गौराव्वानं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. "पानी भरतोय. बायांनी हिरीवर पानी भरायला बी परवाना लागतो का आता?"

"ये पानी है?"

"आदी घान काढायची, मंग पानी. तुमच्या बी घागरी हितनंच जात्यात की ठाण्यात!"

जवानानं टोपी सारखी केली. "हुकूम तो मरदां के वास्ते है," तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला. "औरतां पानी भरना कब से बंद हुआ?" आणि पिंपळाच्या सावलीत जाऊन आमच्याकडं पाठ करून बसला. मला त्याचं नावही माहीत नाही.

खालून बाबांचा आवाज आला. मी तो उचलला आणि जोरात दिला, "हबेस!"

दोर चालला. हिसका नाही, धावपळ नाही. हातावर हात, हातावर हात, बांगड्यांचा एकच आवाज. कडुनिंबाशी दाऊदचाचा वेढे घेत होते. इंजिन पाण्याबाहेर आलं, काळं, गळत, आणि भिंतीला न लागता वर यायला लागलं. "बास" म्हटलं की सगळ्या मुठी जागच्या जागी. "आर्या" म्हटलं की थोडं खाली, बाबा बांबूनं सरळ करणार, पुन्हा "हबेस". मला असं वाटत होतं की माझा आवाज म्हणजेच तो दोर आहे. आयुष्यात इतका आनंद मला क्वचित झाला.

इंजिन ओट्यासमोर आलं.

"बास!" बाबा खालून म्हणाले. मी "बास" दिला. शेटजी माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. "शाब्बास पोरी. आता थोडं आर्या, आन घ्या आत वट्यावर." बाबांनीही तेच म्हटलं, "आर्या, हळू."

मी तोंड उघडलं. समोर रांग होती. सगळ्या माझ्याकडं बघत होत्या, घामानं थबथबलेल्या, मुठी आवळलेल्या. गौराव्वा सगळ्यात पुढं. तिनं विनवलं नाही, डोळ्यांनी खुणावलंही नाही. मला त्या झऱ्याची वाट आठवली, भाजणारे पाय आठवले. या बायांनी स्वतःच्या हातांनी स्वतःच्या घागरी रिकाम्या करायच्या आणि तो शब्द मी द्यायचा? मला संताप आला. शेटजींचा, बाबांचा आणि फक्त पोचव म्हटल्यावर "बरं" म्हणणाऱ्या माझा.

"हबेस!" मी म्हटलं.

दोर चालला. खालून बाबा ओरडले, "बास! आर्या म्हटलं ना! आर्या!" शेटजी ओरडले. मी पुन्हा म्हटलं, "हबेस!" कडुनिंबाशी दाऊदचाचांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि आणखी एक वेढा घेतला. इंजिन ओट्याला ओलांडून वर आलं, काठाच्या वर आलं, तिकटीखाली लोंबकळलं. रामा पाण्यातून विहिरीच्या पायऱ्या चढून धावत आला, त्यानं आणि जैनबीच्या जावांनी खाली ओंडके सरकवले. तेव्हा मी म्हटलं, "आर्या." ते ओंडक्यांवर टेकलं आणि तिथून कोरड्या जमिनीवर ओढून घेतलं.

शेटजींचा चेहरा लाल झाला होता. "पुन्ना उतरवा," ते म्हणाले. "लगेच."

गौराव्वानं दोर हातातून सोडला, हात पदराला पुसले. "उतरवा की. दोर कोन धरतंय ते बघा." पुरुषांना जमायची मनाई होती. बायका घागरी घेऊन निघाल्या. शेटजी इंजिनाशेजारी एकटे उभे राहिले आणि मला त्यांची थोडी कीवही आली.

बाबा वर आले ते थेट कडुनिंबाकडं गेले. दाऊदचाचांना त्यांनी विचारलं, तुम्ही तरी का नाही थांबवलं? चाचा म्हणाले, "माझ्या कानात हबेस पडला. हबेस पडल्यावर हात थांबत नाय, तांडेल."

पुढं मोटेनं दिवसरात्र उपसून तेलकट पाणी काढलं, खालचे झरे मोकळे झाले आणि पाणी स्वच्छ झालं. शेटजींनी नंतर स्वतःच्या शेतात विहीर पाडून इंजिन तिथं बसवलं, असं त्यांच्याच माणसानं पुढं कळवलं. पण एक गोष्ट मी लपवणार नाही. गावकुसाबाहेरच्या बायकांनी त्या दिवशी दोर धरला, इंजिन काढलं, आणि पाणी निवळल्यावर त्या आपल्या घागरी घेऊन नेहमीसारख्या लांब उभ्या राहिल्या. वरून कोणी ओतेल तेवढंच पाणी त्यांना. मी गौराव्वाला म्हटलं, "त्यांनी ओढलं ना? मग?" गौराव्वानं पहिल्यांदाच मान खाली घातली. "एका हबेसनं समदं वर येत न्हाय, पोरी," ती म्हणाली. मला ते उत्तर तेव्हा पटलं नाही. आताही पटत नाही.

परतीच्या वाटेवर येडशीला तोच कारकून. त्यानं दोर मोजला नाही. बाबा मिरजेपर्यंत बोलले नाहीत, आंब्याच्या घाटात बोलले ते मोटारवाल्याशी.

घरी आल्यावर लोक विचारतात, मोगलाईतून काय आणलंस? शेंगांची चटणी आणली होती, ती चार दिवसांत संपली. हाताला दोर लागलाच नव्हता, त्यामुळं घट्टे पडले नाहीत. राहिलं ते एवढंच की माझा आवाज कुठपर्यंत जातो हे मला कळलं. गौराव्वाला मी पुन्हा कधी भेटले नाही. तिकडं जाणार असाल तर विहिरीवरच्या बायांशी बोला. देऊळ तर बघालच.

पाऊस येण्याआधी फत्तेमारीचं काम संपत आलं. एका सकाळी परबाण, म्हणजे शीड बांधायचं आडवं लाकूड, डोलकाठीवर चढवून बघायचं होतं. खाडीवर सगळे खलाशी जमले, शेजारच्या गावांतलेही. अर्ध्यावर चढवून बाबांनी "बास" दिला, गाठ तपासायला. माणसं दोर धरून उभी होती आणि उभ्या उभ्या गप्पा सुरू झाल्या. कोणीतरी मोगलाईचं काढलं. बाबा रंगात आले. विहीर, तिकटी, गड्यांनी दोरावर बसणं, सगळं सांगितलं. बायकांनी ओढलं हेही सांगितलं, लोक हसले. मग म्हणाले, "वट्यापाशी आला, शेटजी म्हणतो आत घ्या. मी म्हटला, गावाचा पानी खराब व्हायला नको. आणि दिला हबेस!"

मी चहाची किटली घेऊन काठावर उभी होते. दाऊदचाचांनी माझ्याकडं बघितलं आणि नजर दोराकडं वळवली. बाईनं तिथं बोलायचं नसतंच.

मी किटली खाली ठेवली.

"आर्या!" मी म्हटलं.

बारा जोड्या हात एकदम सैल झाले. कोणी विचारलं नाही, कोणी मागं बघितलं नाही. परबाण हळूहळू, सरळ, जसं यायला हवं तसं खाली आलं आणि फळ्यांवर टेकलं. खलाशी आपापल्या हातांकडं बघत होते.

"कोणी सांगितला खाली घ्यायला?" बाबा म्हणाले.

"येडशीला जिनं वर घ्यायला सांगितलं, तिनंच."